पहिले रॉकेट मुलांच्या हातचे

(पालघर-बोईसर परिसरातील पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्यासाठी सिद्ध केलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑबर्न या गावच्या एका शेतावरून रॉबर्ट गॉडर्ड यांनी द्रवरूप इंधनावर चालणारे जगातील पहिले रॉकेट सोडले. ते अडीच सेकंद हवेत राहिले, सुमारे ४१ फूट उंच गेले आणि कोबीच्या वाफ्यात जाऊन कोसळले. ४१ फूट म्हणजे चार मजली इमारतीची उंची. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत थोडे पाणी घालून, सायकलच्या पंपाने हवा भरून सहावी-सातवीतील मूल जे रॉकेट उडविते, ते याच्या दुपटी-तिपटीने वर जाते. यात गॉडर्ड यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पुढे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या विद्येची सुरुवात कोबीच्या वाफ्यात झाली, एवढेच मुलांना सांगावयाचे आहे. कारण आपले पहिले रॉकेट आडवे पडले की मुलाचा चेहरा उतरतो, आणि तेव्हा ही हकीकत फार उपयोगी पडते.

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यातील मुलांसाठी रॉकेट बांधण्याचा आणि उडविण्याचा एक दिवस योजावा, हा आजचा विषय. तो कोठे, कोणत्या साधनांनी आणि मुख्यतः काय टाळून योजावा, याचा तपशील येथे मांडावयाचा आहे. अशा उपक्रमांचे उत्साहाने होणारे उद्घाटन आणि तपशिलाअभावी होणारी फजिती, या दोन्ही गोष्टी कार्यकर्त्यांना अपरिचित नाहीत.

हा परिसरच का, असे कोणी विचारील. भारतातील पहिली अणुवीज याच किनाऱ्यावर निर्माण झाली. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिलेले होते. त्यानंतर २००५ मध्ये चौथा आणि २००६ मध्ये तिसरा संच सुरू झाला. प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेचे हे दोन संच भारतीय अभियंत्यांनी आराखड्यापासून स्वतः उभे केले. तयार मिळालेल्या वस्तूपासून स्वतः घडविलेल्या वस्तूपर्यंत पोहोचावयास साडेतीन तपांचा अवधी... नव्हे, नेमके बोलायचे तर तीन तपे लागली. रॉकेटांचेही तसेच. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून जे पहिले रॉकेट आकाशात गेले ते नायके-अपाची, म्हणजे अमेरिकन बनावटीचे होते. तेथील चर्चची इमारत कार्यशाळा झाली होती आणि रॉकेटाचे भाग सायकलवरून नेले जात. प्रत्यक्ष उड्डाणाच्या दिवशी रॉकेट उचलणाऱ्या यारीच्या यंत्रणेत गळती झाली, तेव्हा उपस्थितांनी अंगबळाने ते प्रक्षेपकावर चढविले, असे डॉ. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, रोहिणी मालिकेतील आरएच-७५ हे भारतीय बनावटीचे छोटे रॉकेट थुंब्याहून उडाले. त्याचा व्यास ७५ मिलिमीटर होता. शीतपेयाची दोन लिटरची बाटली त्याहून जाड असते!

या परिसरातील मुलांना मात्र या इतिहासाचा स्पर्श क्वचितच होतो. वसाहतीतील अभियंत्यांच्या मुलांना प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मिळते, हे योग्यच आहे. परंतु औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या कामगाराच्या मुलाला विज्ञान दिसते ते कारखान्याच्या भोंग्याच्या आणि धुराड्याच्या रूपात. सातपाटी-चिंचणीच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या मुलीला ते क्षितिजावरच्या दिव्यांत दिसते. विक्रमगड, जव्हार, तलासरीकडील आश्रमशाळेतील वनवासी मुलाला तर तेवढेही दिसत नाही. १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा मात्र एकच आहे. पोफरण आणि अक्करपट्टी या गावांनी तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी आपली घरे सोडली, पुनर्वसन स्वीकारले. त्या घरांतील नातवंडांना विज्ञान म्हणजे कुंपण एवढेच वाटत असेल, तर दोष त्यांचा नव्हे. रॉकेटाच्या दिवसाची यादी करताना ही नावे शेवटी भरती म्हणून नव्हे, तर आरंभी घालावीत.

आता रॉकेट कोणते, हा कळीचा प्रश्न. मुलांचा पहिला आग्रह आगीचा असतो. धूर निघाला पाहिजे, आवाज झाला पाहिजे. दिवाळीचा बाण त्यांनी पाहिलेला असतो, आणि आपल्या भाषेत ‘बाण’ हा शब्द तसा जुनाच आहे. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत तो दारू भरलेल्या युद्धातील अग्निबाणांसाठीही येतो. म्हैसूरच्या हैदर आणि टिपू यांच्या सैन्याने या बाणांना लोखंडी नळी बसविली. कागदाच्या वा बांबूच्या नळीपेक्षा लोखंड अधिक दाब सोसते, त्यामुळे बाण अधिक दूर जाऊ लागला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यातील काही इंग्लंडला नेले गेले आणि विल्यम काँग्रीव्ह यांनी त्यांच्या आधारे ब्रिटिश सैन्यासाठी रॉकेटे तयार केली. ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. पुष्पक विमानाची कथाही सांगावी, परंतु कथा म्हणून. अभियांत्रिकीचा पुरावा म्हणून ती सांगितली की चाणाक्ष मूल नकाशा मागते आणि सांगणाऱ्याची पंचाईत होते.

परंतु दारूचे रॉकेट मुलांच्या पहिल्या दिवशी आणू नये. याची कारणे तीन, आणि तिन्ही याच मातीतली आहेत. पहिले कायद्याचे. परवान्याविना स्फोटक द्रव्य तयार करणे हा १८८४ च्या विस्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. हेतू शैक्षणिक होता, ही सबब तेथे चालत नाही आणि चालूही नये. दुसरे कारण ऋतूचे. मैदाने आणि शेते मोकळी होतात ती भातकापणीनंतर, आणि त्याच काळात पालघर-वाडा भागात वाळलेल्या गवताच्या गंजी उभ्या असतात. एक ठिणगी एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न जाळू शकते. तिसरे कारण सांगताना आवाज खाली येतो. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जणांचे प्राण गेले. त्या आवाजाने दूरवरची घरे हादरली. ज्या वस्तीने तो आवाज ऐकला आहे, तेथे मुलांच्या हाती गंधक आणि सोरा देण्याची कल्पनाही कोणी करू नये. इंटरनेटवर साखर आणि सोऱ्याच्या रॉकेटाची कृती सहज सापडते. घरातील मोठ्या मुलाने ती पाहिली आहे का, याची चौकशी पालकांनी आजच करावी.

हा पेच केवळ आपला नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील शाळकरी मुले घराच्या तळघरात रॉकेटे बनवू लागली. अनेकांची बोटे गेली, काहींचे प्राण गेले. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे पादत्राणांचे दुकानदार होते. त्यांनी आधीच, १९५४ च्या सुमारास, कागदी नळीचे हलके रॉकेट आणि त्यात बसविण्याची कारखान्यात तयार केलेली छोटी दारूची कांडी, अशी विभागणी केली होती. क्षेपणास्त्र-तळावर काम करणारे हॅरी स्टाइन यांनी तरुणांच्या या धोकादायक छंदाविषयी लेख लिहिला, तो वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपली रॉकेटे पाठविली. त्यातून मॉडेल रॉकेट हा छंद जन्मास आला. त्याचा मूळ नियम एका ओळीचा: रॉकेट मुलाने बांधावे, इंधनाला मुलाने हात लावू नये. पुढे व्हर्न एस्टिस यांनी त्या कांड्या बनविणारे यंत्र तयार केले आणि लक्षावधी मुलांनी निर्धोकपणे रॉकेटे उडविली. दुकानदाराने एका पिढीची बोटे वाचविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तशा कांड्या आपल्याकडील दुकानांत सहज मिळत नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मार्ग खुला होऊ लागला आहे. ‘इन-स्पेस’ या केंद्रीय संस्थेच्या पुढाकाराने २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात मॉडेल रॉकेटांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. परंतु तो पुढचा टप्पा आहे. शाळकरी मुलांचा पहिला टप्पा म्हणजे जलरॉकेट. यात इंधन पाणी, आणि ऊर्जा दाबलेल्या हवेची. जपानपासून भारतापर्यंत आशियातील अंतराळसंस्था मुलांसाठी याच रॉकेटांच्या स्पर्धा भरवितात, तेव्हा हे दुय्यम दर्जाचे खेळणे आहे असा समज कोणी करून घेऊ नये. वायू वा द्रव एका बाजूने वेगाने बाहेर फेकला की उरलेली वस्तू विरुद्ध बाजूस जाते, हा न्यूटनचा तिसरा नियम श्रीहरिकोट्याला आणि पालघरच्या मैदानाला सारखाच लागू आहे.

बाटली निवडण्यापासून कामाला आरंभ होतो. फसफसणाऱ्या शीतपेयाचीच बाटली घ्यावी, एक ते दोन लिटरची. ती मुळातच आतील वायूचा दाब सोसण्यासाठी बनविलेली असते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली कदापि घेऊ नये. लग्नाच्या हॉलमधून वा भंगारवाल्याकडून हव्या तेवढ्या बाटल्या मिळतात. मात्र चेपलेली, चरे पडलेली, घडीवर पांढरी रेघ उमटलेली किंवा उन्हात पडून राहिलेली बाटली बाजूला काढावी. ही निवड मुलांकडूनच करवून घ्यावी. कोणती बाटली नाकारली आणि का, हे ज्याला सांगता आले, त्याचा विज्ञानाचा अर्धा तास तेथेच झाला.

पंख तीन किंवा चार. गणेशोत्सवाच्या सजावटीतून उरलेला सनबोर्ड, जुन्या फाइलचा पुठ्ठा, काहीही चालते. ते बाटलीच्या तोंडाकडील भागास, म्हणजे उड्डाणाच्या वेळी जो खाली राहतो त्यास, सारख्या अंतरावर लावावेत. लावताना रुंद चिकटपट्टी वापरावी. ग्लूगनच्या गरम गोंदाने बाटली मऊ पडते आणि नेमकी तेथेच फुटते. नाकाचा शंकू पुठ्ठ्याचा करून त्यात खेळण्याच्या मऊ मातीचा लहानसा गोळा ठेवावा. शाडू नको, ती वाळून दगड होते. धातूचा तुकडा, खिळा, काच, टोकदार वस्तू यांना पूर्ण मज्जाव.

नाकात वजन कशासाठी, हे प्रयोगाने दाखवावे. रॉकेट बोटावर तोलून धरावे. जेथे तोलते तो गुरुत्वमध्य. तेथे दोरा बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे ठेवून ते सरळ फिरले तर आकाशातही सरळ जाईल. कोलांट्या खाऊ लागले तर नाकात थोडी माती वाढवावी किंवा पंख मोठे करावेत. हवेचा जोर पंखांवर पडतो आणि तो गुरुत्वमध्याच्या मागे पडला पाहिजे, एवढेच तत्त्व आहे. वारा दाखविणारे कोंबड्याचे चक्र शेपटीकडून का वळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला फार समजवावे लागत नाही. एवढी एक कसोटी घेतली तरी मैदानावरची बहुतेक फजिती टळते, आणि तरीही घाईत नेमकी हीच गाळली जाते.

येथे पालकांना एक विनंती. बांधणीच्या वेळी कात्री मुलाच्या हातातून घेऊ नये. वडील शेजारी बसतात, पाच मिनिटे सूचना देतात, दहाव्या मिनिटाला सनबोर्ड त्यांच्या मांडीवर असतो आणि मूल चिकटपट्टी धरून उभे असते. अखेर मैदानावर बाबांचे रॉकेट उडते. ते सुबक असते, सरळही जाते. परंतु मूल त्यातून काय शिकले? वाकडे लावलेले पंख वाकडेच राहू द्यावेत. दोऱ्याची कसोटी त्यांना सरळ करील. मोठ्यांनी करावयाचे काम निराळे आहे, आणि ते काही कमी महत्त्वाचे नाही.

ते काम म्हणजे प्रक्षेपक आणि सुरक्षा. बाटलीच्या तोंडात घट्ट बसेल अशी प्लास्टिकची नळी, तिच्यावर रबराची कडी, बाटलीची मान धरून ठेवणाऱ्या केबल टायच्या पट्ट्या, त्यांच्यावरून सरकणारे नळीचे कडे आणि ते खाली ओढण्यासाठी दहा मीटर दोरी. कुशल प्लंबर अर्ध्या दिवसात हे उभे करतो. हवा आत नेण्यासाठी लांब रबरी नळी आणि जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंप दाबमापक असलेलाच हवा. पंपाजवळ हवा सोडून देण्याची तोटी अवश्य बसवावी. दोरी ओढूनही रॉकेट अडकून राहिले, तर कोणीही जवळ न जाता तोटी उघडून दाब उतरवावा. भरलेल्या बाटलीवर वाकून पाहणे, ही या खेळातील सर्वांत मोठी चूक होय.

दाब ५० पौंडांपलीकडे नेऊ नये. ‘पौंड’ हा टायरवाल्यांचा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. बोईसरच्या रस्त्यावरील पंक्चरवाल्याला हवेचा दाब जितका कळतो तितका तो पुस्तकातून कळत नाही. त्याला सन्मानाने बोलवावे, मुलांसमोर खुर्ची द्यावी आणि मोटारसायकलला किती हवा, ट्रकला किती आणि जास्त भरली तर काय होते, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे. हे ५० पौंड म्हणजे किती, याचा हिशेब मोठ्या मुलांना घालावा. बाटलीच्या तोंडाचे क्षेत्रफळ साधारण पावणेचार चौरस सेंटिमीटर. त्यातून पाणी सुटताना पहिल्या क्षणी रॉकेटला वर रेटणारा जोर सुमारे २५ किलो वजनाएवढा, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढा असतो, आणि सगळे पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत बाहेर पडते. हा आकडा ऐकल्यावर दोरीमागे उभे राहण्याचा नियम मुलांना सांगावा लागत नाही.

याच परिसराचे आणखी एक बळ आहे. कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर, वेल्डर, बॉयलर सांभाळणारे कामगार येथे घरोघर आहेत. त्यांना ‘हायड्रो टेस्ट’ हा शब्द पाठ असतो. भांडे पाण्याने पूर्ण भरून दाब वाढवावयाचा. पाणी दबत नाही, त्यामुळे भांडे फुटलेच तर स्फोट न होता नुसती चीर पडते. बॉयलर आणि गॅसचे सिलिंडर याच रीतीने तपासतात. प्रत्येक बाटलीची अशी परीक्षा एखाद्या निवृत्त फिटरने मुलांसमोर घ्यावी, ६० पौंडांवर, आणि पार पडलेल्या बाटलीवर आपल्या हाताने सही करावी. आजवर ज्यांच्या कामाकडे घरातल्या मुलांनीही फारसे पाहिले नाही, त्या हातांची विद्या त्या दिवशी सर्वांना दिसेल.

जागा आणि वेळ. राष्ट्रीय अंतराळ दिन २३ ऑगस्टला येतो. चांद्रयान-३ त्या दिवशी, २०२३ मध्ये, चंद्रावर उतरले. परंतु ऑगस्टमधील पालघरचा पाऊस उड्डाणास मैदान देत नाही. तेव्हा त्या सुमारास वर्गात बांधणीचा सराव घ्यावा आणि उड्डाण डिसेंबर-जानेवारीत, फार तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनास करावे. सकाळी साडेसात ते दहा ही वेळ उत्तम. त्यानंतर समुद्राकडून वारा चढतो आणि पंखवाले रॉकेट वाऱ्याच्या दिशेस तोंड वळविते. मैदान निदान शंभर मीटर लांब-रुंद असावे. जवळून रेल्वेच्या वा वीजमंडळाच्या उच्चदाब तारा जात नसाव्यात. रेल्वेच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, आणि अडकलेली बाटली काढावयास मूल काय करील याचा भरवसा नाही. अणुशक्ती केंद्राच्या आसपासची जागा तर विचारातही घेऊ नये. तेथे आकाशात काहीही उडविणे अयोग्य आहे. म्हणून उड्डाण पालघरच्या बाजूस करावे आणि तरीही पोलीस ठाण्यास लेखी कळवावे. किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जागा ऐसपैस असते, परंतु बोंबील वाळत असलेल्या ठिकाणी मुलांचा घोळका नेणे म्हणजे कोळी भगिनींची मेहनत तुडविणे होय. भातखाचरात जावयाचे तर मालकाची परवानगी घ्यावी आणि धस लागणार नाहीत अशी पादत्राणे मुलांना घालावयास सांगावीत.

चाळीस मुले पुरेत. पाच-पाच मुलांचे आठ गट, प्रत्येक गटाबरोबर एक प्रौढ. बांधणी शनिवारी दुपारी, उड्डाण रविवारी सकाळी. गट पाडताना वसाहतीतील मूल आणि आश्रमशाळेतील मूल एकाच गटात यावे. मुलगी फक्त नोंदवही धरून उभी राहणार नाही, दोरीही ओढील, याकडे लक्ष असावे. बोईसरमध्ये हिंदी आणि उडिया बोलणारी कामगार कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलांना भाषेमुळे मागे राहावे लागू नये.

मैदानावर प्रक्षेपकापासून वीस मीटरवर चुन्याची रेघ मारावी. रेघेच्या आत एकाच वेळी दोघे: पंप मारणारा आणि दोरी ओढणारा, दोघांच्या डोळ्यांवर चष्मा. बाटलीत एक तृतीयांश पाणी. शिट्टी झाली की सर्वांनी वर पाहावयाचे, गप्पा बंद. मग उलटी मोजणी. खाली येणारे रॉकेट झेलावयास कोणी धावू नये. क्रिकेटच्या सवयीमुळे हे मुलांना कठीण जाते, पण येथे सवलत नाही.

उंची मोजावयास उपकरण घरचेच. कोनमापकाला दोरा आणि त्याला एक नट बांधला की झाला ओळंबा. प्रक्षेपकापासून ४० मीटरवर उभे राहून रॉकेट शिखरावर असताना कोन घ्यावा. ४५ अंश आला तर उंची ४० मीटर, ३७ अंश आला तर ३० मीटर, ३१ आला तर २४. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवावी. दहावीतील त्रिकोणमितीच्या ज्या उदाहरणांत कोणीतरी उगाचच मनोऱ्याकडे पाहत उभा असतो, ती उदाहरणे येथे जिवंत होतात. लहान मुलांनी आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढून उत्तर मिळवावे.

बक्षीस सर्वांत उंच जाणाऱ्या रॉकेटाला देऊ नये. तसे केले की सगळे लक्ष दाब वाढविण्याकडे जाते. प्रत्येक गटाने उड्डाणापूर्वी आपला अंदाज नोंदवहीत लिहावा, आणि ज्याचा अंदाज प्रत्यक्ष उंचीच्या सर्वांत जवळ येईल त्याला बक्षीस द्यावे. मग मुले पाणी मोजू लागतात, शेजारच्या गटाचे उड्डाण नीट पाहू लागतात. प्रत्येक गटाला तीन उड्डाणे मिळालीच पाहिजेत. पहिले बहुधा बिघडते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अपयशी ठरले तेव्हा संस्थेचे प्रमुख सतीश धवन यांनी स्वतः पत्रकारांना सामोरे जाऊन जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच वाहन यशस्वी झाले आणि पत्रकारांपुढे त्यांनी कलाम यांना उभे केले. एकच उड्डाण देऊन मुलाला घरी पाठविणे म्हणजे त्याला १९७९ मध्ये सोडून देणे. वेळ कमी पडत असेल तर मान्यवरांची भाषणे कमी करावीत, उड्डाणे नव्हे.

मधल्या सुटीत सांगण्यासारखी एक हकीकत आहे. कोलकात्याचे स्टीफन स्मिथ हे १९३४ पासून रॉकेटातून टपाल पाठविण्याचे प्रयोग करीत होते. १९३५ मध्ये त्यांनी दामोदर नदीवरून एका रॉकेटातून कोंबडा आणि कोंबडी पलीकडे धाडली, आणि दोन्ही जिवंत उतरली. १९९२ मध्ये भारतीय टपाल खात्याने स्मिथ यांच्यावर तिकीट काढले. ही गोष्ट ऐकल्यावर मुले हमखास आपल्या रॉकेटात काहीतरी बसविण्याची परवानगी मागतात. जिवंत प्राणी, अगदी मुंगीसुद्धा, बसवू नये. कागदाची चिठ्ठी चालेल.

शेवटच्या उड्डाणानंतर मैदान सोडण्यापूर्वी बाटल्यांची मोजणी व्हावी. जितक्या आणल्या तितक्या परत आल्या पाहिजेत, फुटलेल्यांचे तुकडेही. गुरे ते खातात. दहा वेळा उडालेली बाटली चिरून भंगारात द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी ती कोणी पुन्हा वापरणार नाही. नोंदवही, प्रक्षेपक आणि पंप ज्या शाळेकडे पुढचा दिवस ठरला असेल, त्या शाळेच्या शिक्षकांच्या हाती त्याच मैदानावर सोपवावेत. नोंदवहीच्या पहिल्या पानावर गटांची नावे, अंदाज आणि प्रत्यक्ष उंची मुलांच्याच अक्षरात असावी, आणि खाली सही त्या फिटरची.